ठेका कामाचा असतो, मतांचा नाही

एव्हरशाईन सिटी, वसंत नगरी आणि गोखिवरे परिसरातील रहिवासी, दुकानदार, सोसायट्यांचे पदाधिकारी, बचत गटांच्या भगिनी आणि छोटे ठेकेदार यांना



एक मागणी घेऊन तुमच्यापुढे आलो आहे, ती आधी सांगतो. वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या सभागृहाने एक ठराव करावा. पालिकेच्या कोणत्याही निविदेत, करारात किंवा हमीपत्रात ठेकेदाराच्या राजकीय मताबद्दल अट असणार नाही. त्याने कोणत्या देशाच्या, कंपनीच्या किंवा पक्षाशी जोडलेल्या मालावर बहिष्कार घातला आहे, कोणत्या बहिष्काराला पाठिंबा दिला आहे, हे त्याला विचारलं जाणार नाही. आणि कोणालाही काळ्या यादीत टाकायचं असेल तर लेखी कारण आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय टाकता येणार नाही. ठराव एका पानात मावतो आणि पालिकेच्या तिजोरीतून एक रुपयाही जात नाही.

आज आपल्या पालिकेकडे पुरवठादाराला बहिष्काराबद्दल विचारा असं सांगणारा कायदा नाही. महाराष्ट्रातही नाही. मग एवढी घाई कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर असं, की तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्याला फार महागात पडलेली आहे, आणि या बाबतीत विहीर खणायचा मोसम नेमका आत्ता आहे.

घाई कशाची?

आपल्या पालिकेतल्या नगरसेवकांची मुदत जून 2020 मध्ये संपली. त्यानंतर साडेपाच वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती होता. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि 115 जागांचं सभागृह पुन्हा अस्तित्वात आलं. निविदांचे नमुने, अटींचे मसुदे, जुनी परिपत्रकं यांवर नव्या सभागृहाची नजर फिरायची असेल तर ती सुरुवातीलाच फिरते. एकदा छापील नमुना रूढ झाला की पुढची अनेक वर्षं तोच ‘कॉपी-पेस्ट’ होत राहतो. सही करणारा वाचत नाही आणि सही घेणारा विचार करत नाही.

दुसरं कारण बाजारात दिसतं. 2020 मध्ये गलवानच्या चकमकीनंतर चिनी मालावर बहिष्काराची लाट आली. मे 2025 मध्ये तुर्कस्तानावर आली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घेणं थांबवलं. गाझातल्या युद्धानंतर मुंबईतल्या काही हॉटेलांनी परदेशी शीतपेयं ठेवणं बंद केलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा अमेरिकी ब्रँडवर बहिष्काराच्या हाका आल्या. यातली एखादी लाट तुम्हाला पटली असेल, दुसरी मूर्खपणाची वाटली असेल. शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाचं नेमकं उलटं असेल. पुढची लाट कोणत्या देशाच्या नावाने येईल ते आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच नियम आत्ता, डोकी थंड असताना ठरायला हवा.

तिसरं कारण परदेशातून आलेलं आहे आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं.

पुरात घर गेलं, आधी इथे सही करा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने मे 2017 मध्ये एक कायदा केला. सरकारी कंत्राट हवं असेल तर कंपनीने लिहून द्यायचं, की आम्ही इस्राएलवर बहिष्कार घालत नाही आणि कराराच्या मुदतीत घालणारही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाने टेक्सासचा किनारा धुऊन काढला. डिकिन्सन नावाच्या छोट्या शहरात घरंच्या घरं पाण्यात गेली. दुरुस्तीसाठी मदतनिधी जमला आणि नगर प्रशासनाने अर्जाचा नमुना काढला. त्या अर्जात, घर गमावलेल्या माणसाने सही करायची एक ओळ होती: मी इस्राएलवर बहिष्कार घालणार नाही.

गाजावाजा झाला. ज्या आमदाराने कायदा आणला त्यानेच सांगितलं, की हा गैरसमज आहे, कायदा पूरग्रस्तांसाठी नव्हता. नगर परिषदेने व्यक्तींपुरती ती अट काढून टाकली. पण यातला धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. कायदा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून केला जातो, आणि खालच्या टेबलावरचा कारकून ‘उगाच नंतर ऑडिटला अडचण नको’ म्हणून तो सरसकट सगळ्या अर्जांत टाकतो.

आपण वसईकरांनी हे नीट समजून घ्यावं. जुलै 2018 मध्ये रुळांवर पाणी चढलं, लोकल ठप्प झाल्या, वीज गेली आणि अख्खं शहर अडकून पडलं. आपल्याकडे पाणी भरणं ही दर पावसाळ्याची गोष्ट आहे. पंचनामा करायला आलेल्या माणसाने तुमचं मत विचारलं तर कसं वाटेल, याची कल्पना एव्हरशाईनच्या तळमजल्यावर राहणाऱ्याला वेगळी करून द्यायला नको. आणि ही एका गावची चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीच्या अटींतही असाच मजकूर आला होता: इस्राएली कंपन्यांवर बहिष्कार घालणाऱ्या राज्यांना आणि शहरांना निधी नाही. बातमी फुटल्यावर तो मजकूर काढला गेला.

टेक्सासमध्येच, ऑस्टिनजवळच्या फ्लुगरव्हिल शाळा-विभागात लहान मुलांना बोलायला शिकवणारी एक तज्ज्ञ महिला होती. नऊ वर्षं ती तिथे दरवर्षीच्या करारावर काम करत होती. 2018 मध्ये नूतनीकरणाच्या कागदात ही अट आली. तिने सही नाकारली आणि काम गेलं. मुलांना बोलायला शिकवण्याचा आणि पश्चिम आशियातल्या संघर्षाचा संबंध काय, हे तिला कोणी सांगू शकलं नाही. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने त्या कायद्याला स्थगिती दिली. मग विधिमंडळाने घाईघाईने दुरुस्ती करून अट दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आणि 1 लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या करारांपुरती ठेवली. म्हणजे एकट्या माणसाला सोडलं, कंपन्यांना नाही.

आर्कान्सा राज्यात तर गंमतच झाली. तिथल्या 2017 च्या कायद्यात सोय अशी, की हमीपत्र द्या, नाहीतर तुमच्या दरात 20 टक्के कपात करून काम करा. ‘आर्कान्सा टाइम्स’ या स्थानिक वृत्तपत्राला एका सरकारी महाविद्यालयाच्या जाहिराती मिळत होत्या. वृत्तपत्राने इस्राएलवर कधी बहिष्कार घातला नव्हता आणि घालायचाही नव्हता. प्रकाशकांचं म्हणणं एवढंच होतं, की जाहिरातीसाठी सरकारपुढे राजकीय शपथ घेणार नाही. 2021 मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. जून 2022 मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठासमोर हरले. निकालाचा आशय असा, की विकत न घेणं हे आर्थिक वर्तन आहे, ते भाषणस्वातंत्र्यात मोडत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आज अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत या ना त्या रूपात असे कायदे किंवा आदेश आहेत. ह्यूस्टनला, डॅलसला, ऑस्टिनला तुमचे कोणी नातेवाईक छोटा व्यवसाय करत असतील तर त्यांना विचारा. कागद त्यांच्या ओळखीचा असेल.

पैसा शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

‘आपल्याला काय त्याचं, आपण कुठे ठेकेदार आहोत’, असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

टेक्सासने 2021 मध्ये याच साच्यातून आणखी दोन कायदे काढले. तेल-वायू कंपन्यांवर बहिष्कार घालणाऱ्या आणि बंदूक उद्योगाशी व्यवहार टाळणाऱ्या बँकांना सरकारी काम नाही. नगरपालिकांचे कर्जरोखे बाजारात आणण्याचं काम करणाऱ्या बड्या बँकांपैकी पाच त्यानंतर बाहेर पडल्या. स्पर्धा घटली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हार्टन स्कूलच्या अभ्यासकाने एका सहकाऱ्यासह हिशोब मांडला: पहिल्या आठ महिन्यांत 32 अब्ज डॉलरच्या कर्जांवर टेक्सासच्या शहरांना 30 ते 53 कोटी डॉलर इतकं जास्तीचं व्याज पडलं असावं. ते फेडतो कोण? पाण्याचं बिल आणि मालमत्ता कर भरणारा नागरिक.

आता हे आपल्याकडे लावून बघा. नालेसफाईच्या कामाला सहा ठेकेदार आले तर दर खाली येतो. राजकीय हमीपत्राच्या भीतीने त्यातले तीन बाजूला झाले, किंवा एखादा जुना फोटो, मोर्चातला फलक, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज दाखवून त्यांना बाजूला केलं गेलं, तर उरलेले तिघे आपसात बसून दर ठरवतात. गाळ तेवढाच निघतो, बिल वाढतं. पावसाळ्यात पाणी आपल्या जिन्यापर्यंत येतं आणि मालमत्ता कराची पावतीही आपल्याच नावे येते.

आणखी एक. पालिकेची कामं म्हणजे फक्त रस्ते आणि पूल नव्हेत. कचरा उचलणं, पथदिवे, उद्यानांची देखभाल, शालेय पोषण आहार, छपाई, मंडप, झेरॉक्स, गणवेश, पाण्याच्या टाक्यांची साफसफाई, अशी शेकडो लहान कामं असतात. त्यांवर बचत गटांतल्या बायका, मजूर सहकारी संस्था, नुकतीच पदविका घेऊन बाहेर पडलेले अभियंते जगतात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या छोट्या कामांत मजूर संस्थांना 33 टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना 33 टक्के आणि खुल्या स्पर्धेला 34 टक्के अशी वाटणी महाराष्ट्राने ठेवली ती याच लोकांसाठी. बड्या कंपनीकडे वकील असतो, हमीपत्राची पळवाट तो काढतो. बचत गटाच्या ताईंकडे वकील नसतो. अट मोठ्यांच्या नावाने येते आणि लहानांच्या मानेवर बसते.

हे आपल्या मातीत नवं नाही

बहिष्कार हे हत्यार महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. बंगालच्या फाळणीनंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत तो होता. ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला 10 रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. त्याच महिन्यात बंगाल सरकारचं एक परिपत्रक निघालं. ते कार्लाइल परिपत्रक म्हणून इतिहासात नोंदलं गेलं आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी बहिष्कार आणि स्वदेशीच्या चळवळीत दिसतील त्यांचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद करू, अशी धमकी त्यात होती. सरकारी पैशाची दोरी ओढून बहिष्कार मोडायचा, ही युक्ती टेक्सासच्या एकशे बारा वर्षं आधीची आहे, आणि ती परक्या राजवटीची आहे.

12 डिसेंबर 1930 ला मुंबईत काळबादेवीच्या भागात विलायती कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार त्या ट्रकखाली मेला. वर्षभराने, 4 जानेवारी 1932 ला, ब्रिटिश सरकारने एकाच दिवशी चार अध्यादेश काढले. त्यातला एक थेट बहिष्कार आणि पिकेटिंगविरुद्ध होता. विकत घेऊ नका असं सांगत दुकानापुढे उभं राहणं हा तेव्हा गुन्हा ठरला.

पण या इतिहासाला दुसरीही बाजू आहे आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. बहिष्कार नेहमीच दुबळ्याचं हत्यार नसतो. गावाने एखाद्या कुटुंबाचं पाणी, दुकान, दळण आणि मजुरी बंद करणं हाही बहिष्कारच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचं नावच ‘बहिष्कृत भारत’ होतं. 1930 मध्ये गोलमेज परिषदेपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना ठेवली, तिच्यात बहिष्कार घालणं हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. तिचा मसुदा त्यांनी 1922 च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016 मध्ये संमत केला आणि तो जुलै 2017 मध्ये लागू झाला. जातपंचायतीच्या बहिष्काराला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा कायदा हवाच होता.

या दोन प्रकारच्या कायद्यांत गल्लत होऊ देऊ नका. एक कायदा गावाने वाळीत टाकलेल्या माणसाच्या पाठीशी उभा राहतो. दुसरा कायदा, सरकारला न आवडणारी निवड करणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय देतो. पहिला बाबासाहेबांनी मागितला. दुसरा कार्लाइलने लिहिला. ‘बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, यात वाईट काय’ असं गोड भाषेत कोणी सांगू लागलं, तर एवढंच विचारा: यात वाचवलं कोणाला जातंय आणि शिक्षा कोणाला होतेय?

मग सरकारने कोणालाच नाही म्हणू नये का?

म्हणावं, आणि सरकार म्हणतंही. 23 जुलै 2020 ला केंद्र सरकारने आदेश काढला, की भारताला लागून जमिनीची सीमा असलेल्या देशांतल्या कंपन्यांना सरकारी निविदा भरायची असेल तर आधी नोंदणी आणि मंजुरी घ्यावी लागेल. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्र सरकारने तीन चिनी कंपन्यांबरोबरचे सुमारे 5,000 कोटींचे सामंजस्य करार थांबवले होते. 15 मे 2025 ला मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द झाली आणि जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हे निर्णय कोणाला पटतील, कोणाला नाही. पण त्यांत सरकार स्वतः कोणाशी व्यवहार करायचा ते ठरवत होतं, आणि सेलेबीच्या बाबतीत सुरक्षेचं कारण देत होतं आणि प्रकरण न्यायालयात तपासलं गेलं.

ठेकेदाराने काम करताना भेदभाव केला तर त्यालाही सोडू नका. कचऱ्याची गाडी एखाद्या वस्तीत जाणार नाही, पोषण आहाराचं ताट एखाद्या मुलापुढे ठेवणार नाही, कामावर घेताना जात किंवा धर्म विचारला जाईल, तर ठेका रद्द करा, गुन्हा नोंदवा. त्यासाठी कायदे आहेत आणि द्वेषाच्या भाषणांवर तक्रारीची वाट न बघता गुन्हे नोंदवा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही आहे.

आपली हरकत तिसऱ्या गोष्टीला आहे. नाला साफ करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी कोणतं शीतपेय प्यावं, स्वतःच्या दुकानात कोणत्या देशाची खेळणी ठेवू नयेत, रविवारी कोणत्या मोर्चात जावं, याचा नाल्याशी संबंध नाही. तो संबंध कागदावर जोडायचा अधिकार पालिकेला देऊ नका. आज ती अट तुमच्या नावडत्या मताविरुद्ध असेल. सत्ता बदलली की नमुना तोच राहतो, रिकाम्या जागेतलं नाव बदलतं.

आपल्या न्यायालयांनी काय म्हटलंय?

आपल्या बाजूने दोन जुने निकाल आहेत आणि ते प्रत्येक ठेकेदाराला माहीत हवेत. पहिला 1974 चा, एरुशियन इक्विपमेंट प्रकरणातला: काळ्या यादीत टाकण्याआधी माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यावंच लागतं. दुसरा आपल्या अगदी जवळचा, मुंबई विमानतळावरचा. 1977 मध्ये तिथे एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्याची निविदा निघाली. अनुभवाची एक अट होती. ती पूर्ण न करणाऱ्याला काम दिलं गेलं आणि रमणा शेट्टी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 4 मे 1979 च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी तत्त्व घालून दिलं: सरकार हे खासगी मालकासारखं मर्जीनुसार काम वाटू शकत नाही, स्वतः घातलेले निकष त्याला पाळावेच लागतात आणि मनमानी ही राज्यघटनेच्या 14 व्या अनुच्छेदात बसत नाही. त्या अर्जदाराला स्वतःला काही मिळालं नाही, कारण तो उशिरा आला होता. उशिरा येणाऱ्याचं काय होतं हेही त्याच निकालात आहे.

मात्र ‘बहिष्काराबद्दल हमीपत्र मागता येईल का’ या नेमक्या प्रश्नासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढायच्या, तर बचत गटाला चार-सहा वर्षं आणि वकिलाची फी परवडणार नाही. म्हणून सभागृहाचा ठराव हवा. ठराव म्हणजे कायदा नव्हे, राज्य सरकारला तो बांधून ठेवत नाही, हे खरं. पण पालिकेच्या मोठ्या करारांना स्थायी समितीची मंजुरी लागते, आणि सभागृहाचा ठराव समोर असताना उलटी अट मंजूर करणाऱ्या सदस्याला जाहीरपणे कारण द्यावं लागेल.

आपण काय करायचं?

1. प्रत्येक सोसायटीने येत्या समिती बैठकीत हा विषय घ्यावा आणि पहिल्या परिच्छेदातली मागणी लेटरहेडवर लिहून महापौर, आयुक्त आणि आपल्या प्रभागातल्या सर्व नगरसेवकांना द्यावी. पक्ष बघू नका, सगळ्यांना द्या. पोच घ्या, शिक्का मारून घ्या.

2. निविदा भरणाऱ्यांनी ‘महाटेंडर्स’वरची फाइल उघडल्यावर फक्त अनामत रक्कम आणि शेवटची तारीख बघून थांबू नये. परिशिष्टं आणि हमीपत्रांचे नमुने वाचावेत. मत, संघटना, आंदोलन, बहिष्कार यांबद्दल एक ओळ जरी दिसली तर प्री-बिड मीटिंगमध्ये लेखी हरकत घ्यावी आणि शुद्धिपत्रक मागावं. निविदा उघडल्यानंतर केलेली हरकत फार कमी ऐकली जाते.

3. कोणी तोंडी सांगितलं, की ‘तुमचं नाव वरून नको आहे’, तर तिथल्या तिथे नम्रपणे म्हणा, लिहून द्या. तारीख, वेळ, टेबल यांची नोंद ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अपात्र ठरवण्याची कारणं आणि काळ्या यादीची प्रत मागा.

4. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून परदेशात माल पाठवणाऱ्यांनी परदेशी सरकारी संस्थांशी होणाऱ्या करारांतली बहिष्काराची कलमं वकिलाकडून वाचून घ्यावीत. सही सोपी असते, मोडली तर दावा तिकडच्या न्यायालयात चालतो.

5. हाच नियम आपल्या सोसायटीला लावा. रंगकाम, सुरक्षारक्षक, लिफ्टची देखभाल, पाण्याचा टँकर यांचा ठेका देताना दर, अनुभव आणि कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरला की नाही हे विचारा. ठेकेदाराचा पक्ष, जात, धर्म आणि त्याच्या गाडीवरचं स्टिकर यांची चर्चा बैठकीत होऊ देऊ नका. पालिकेकडे मागायचं ते आधी आपल्या जिन्याखालच्या ऑफिसात पाळलं गेलं पाहिजे.

6. बचत गटांना ही माहिती सोप्या भाषेत सांगायला प्रत्येक बिल्डिंगमधून एक शिक्षित, वेळ असलेली व्यक्ती पुढे यावी. निवृत्त शिक्षक, बँकेतले निवृत्त अधिकारी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं, तुम्हीच हे करू शकता.

नगरसेवकांना दोन शब्द

तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा. या शहराने आवाज उठवणाऱ्यांना शत्रू मानलं असतं तर वसईच्या पश्चिम पट्ट्यातली उरलीसुरली केळीची वाडी आणि विहिरीही राहिल्या नसत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीने सरकारच्या विकास आराखड्याला विरोध केला तेव्हा त्यात सहभागी झालेल्या शेतकऱ्याला, दुकानदाराला, शिक्षकाला ‘तुम्ही विरोध करता म्हणून तुमचं काम बंद’ असं म्हणायची मुभा कोणाला नव्हती. मतभेद असतानाही माणसाचं काम चालू राहतं तेव्हाच शहर चालतं. हा ठराव आणलात तर तो तुमच्या पक्षाच्या ठेकेदारांनाही वाचवेल, ज्या दिवशी समोरच्या बाकांवर दुसरे बसलेले असतील त्या दिवशी.

विरोधात मत द्यायचं असेल तरी उघडपणे द्या आणि कारण सांगा. ठराव अजेंड्यावरच येऊ द्यायचा नाही, हे मात्र आम्ही मान्य करणार नाही.

शेवटची विनंती

हे आवाहन वाचून झाल्यावर फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच फोन करा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्यायला सांगा. पत्रावर सह्या घ्या. येत्या सर्वसाधारण सभेच्या आत आपल्या प्रत्येक नगरसेवकाच्या हातात किमान एका सोसायटीचं निवेदन पडलं पाहिजे.

पालिकेने आमच्या घामाचा हिशोब मागावा, दर मागावा, दर्जा तपासावा, उशीर झाला तर दंड करावा. आमचं मत तिच्या निविदेत येता कामा नये. एवढं ठरवून घ्यायला आज एक सही पुरते. उद्या ती अट छापून आली, तर ती काढायला वर्षं लागतील. आजच सही करा.

आपला,
एव्हरशाईन सिटीतला एक रहिवासी